कर्करोगाचा पत्ता शोधणारे डॉ. खानोलकर

वैनगंगेच्या काठावरील मार्कंडा देवस्थानाला निघालेला प्रवासी चामोर्शीत उतरला, की मंदिराच्या वाटेआधी त्याच्या नजरेस पडतो तो पानठेला. नावात पान असले, तरी पानाला तेथे फारसा उठाव नाही. सुपारीचा चुरा, कच्चा तंबाखू आणि चुना पन्नीवर टाकून एकजीव होईपर्यंत घोटलेला खर्रा, हाच गडचिरोली-चंद्रपूर भागातील खरा माल. तरुण, म्हातारे, बायाबापड्या आणि दुर्दैवाने शाळकरी मुलेसुद्धा त्याची चिमूट गालात धरून असतात. चिमूट ठेवण्याची प्रत्येकाची जागा ठरलेली असते. कोणी डाव्या गालात ठेवतो, कोणी उजव्या, कोणी खालच्या ओठाच्या आड. पुढे पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम दिसते, ती बहुधा त्याच जागी.

आज ही गोष्ट दंतवैद्यकाचा कोणताही विद्यार्थी सांगेल. पण कर्करोग म्हणजे दैवाचा घाला, फार तर रक्तातून आलेला शाप, असे जेव्हा सुशिक्षितही मानत होते, त्या काळी मुंबईतील एका विकृतिशास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखालचे काप आणि रुग्णांच्या सवयी एकमेकांशेजारी मांडल्या आणि हा रोग माणसाच्या वहिवाटीचा माग काढत येतो, हे दाखवून दिले. त्यांचे नाव डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतीय विकृतिशास्त्राचे आणि वैद्यकीय संशोधनाचे जनक म्हणून वैद्यकविश्व त्यांचा उल्लेख करते. पानठेल्यासमोर उभ्या असलेल्या माणसाशी त्यांच्या संशोधनाचे नाते किती जवळचे आहे, हे मात्र त्या विश्वाबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही.

खानोलकरांचा जन्म 13 एप्रिल 1895 रोजी क्वेट्टा येथे, गोमंतक मराठा समाजातील कुटुंबात झाला. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी लंडन विद्यापीठात घेतले आणि 1923 मध्ये विकृतिशास्त्रात एम.डी. ही पदवी संपादन केली. विलायतेहून असा शिक्का घेऊन आलेल्या डॉक्टरला त्या काळच्या मुंबईत खासगी व्यवसायाचे दार सताड उघडे होते. खानोलकरांनी अध्यापन पत्करले. ग्रँट मेडिकल कॉलेज आणि सेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज या दोन्ही ठिकाणी ते विकृतिशास्त्राचे प्राध्यापक होते. विकृतिशास्त्र हा काही दिपवणारा विषय नव्हे. रुग्णाची नाडी शल्यविशारदाच्या हाती असते. विकृतिशास्त्रज्ञाच्या वाट्याला येतो तो काढलेल्या गाठीचा तुकडा किंवा शवविच्छेदनाचे टेबल. पण रोगाने कोठे मुळे धरली आहेत, हे नेमके त्यालाच दिसते.

परळ येथे 28 फेब्रुवारी 1941 रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. लेडी मेहेरबाई टाटा यांचे 1931 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले होते. सर दोराबजी टाटा यांच्या विश्वस्त निधीतून उभे राहिलेले हे रुग्णालय त्या घटनेची परिणती होती. प्रयोगशाळा व संशोधनाची धुरा तेथे खानोलकरांकडे आली. त्यांच्या आयुष्याचे आणि भारतातील कर्करोग संशोधनाचे वळण एकच ठरले, ते येथे.

या रुग्णालयाच्या दारात मुंबईचे नव्हे, अवघ्या देशाचे तोंड उघडत होते, असे म्हटले तर ती निव्वळ शब्दक्रीडा ठरू नये. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तके तोंडाच्या कर्करोगाला दुय्यम स्थान देत. परळला मात्र तोंडाच्या आणि घशाच्या गाठी घेऊन येणाऱ्यांची रीघ लागली होती. खानोलकरांनी लागोपाठ आलेल्या 1000 मुखकर्करोग रुग्णांचा आढावा घेतला आणि तो 1944 मध्ये अमेरिकेतील कॅन्सर रिसर्च या नियतकालिकात प्रसिद्ध केला. महायुद्धाच्या धामधुमीत, वसाहतीतील एका तीन वर्षांच्या रुग्णालयातून आलेला हा लेख होता. गाठ तोंडात आहे एवढ्यावर न थांबता ती तोंडात नेमकी कोठे आहे, हा प्रश्न या आढाव्यात महत्त्वाचा ठरला. गालाच्या आतल्या अस्तराचा कर्करोग, जिभेच्या बुडख्याचा कर्करोग आणि टाळूचा कर्करोग ही त्यांच्या लेखी तीन वेगळी प्रकरणे होती, कारण प्रत्येकामागची सवय वेगळी असू शकत होती.

दुसऱ्याच वर्षी, 1945 मध्ये, सूर्याबाई यांच्यासह लिहिलेला त्यांचा निबंध आर्काइव्ह्ज ऑफ पॅथॉलॉजीमध्ये आला. रूढी-सवयींशी निगडित असे भारतातील कर्करोगाचे तीन नवे प्रकार त्यात वर्णिले होते. पहिला खैनीचा. बिहार आणि उत्तरेकडील प्रांतांत तंबाखू व चुना तळहातावर मळून खालचा ओठ आणि हिरडी यांच्यामधल्या खोबणीत ठेवतात. कर्करोग उगवत होता तो त्याच खोबणीत. दुसरा चुट्ट्याचा. आंध्र किनाऱ्यावर, विशेषतः बायका, तंबाखूच्या पानाची जाड विडी पेटते टोक तोंडात धरून ओढतात. तेथे रोग टाळूवर होत होता. विशाखापट्टणमच्या डॉक्टरांनी याकडे आधी लक्ष वेधले होतेच, खानोलकरांनी ते निरीक्षण मोठ्या मांडणीत बसवले. तिसरा प्रकार तंबाखूचा नव्हेच. कमरेला वर्षानुवर्षे धोतर घट्ट कसल्याने जेथे कातडी घासून काळी पडते, तेथे होणारा तो कर्करोग.

धोतर, खैनी आणि चुट्टा ही जोडणी आज वाचताना काहीशी विचित्र वाटते. खानोलकरांच्या प्रतिभेचा ठसा मात्र याच जोडणीत आहे. काश्मिरी माणूस कांगडी पोटाशी धरतो आणि त्याला पोटाच्या कातडीचा कर्करोग होतो, हे एकोणिसाव्या शतकापासून माहीत होते, पण एक मजेशीर अपवाद म्हणून. खानोलकरांनी अपवादांची रांग लावली आणि तिच्यातून नियम काढला. प्रांत बदलला की सवय बदलते, सवय बदलली की कर्करोग जागा बदलतो. मग रोगाचे मूळ माणसाच्या जातीत किंवा रक्तात शोधण्याआधी त्याच्या कनवटीच्या चंचीत शोधायला हवे. चंची सोडता येते, रक्त बदलता येत नाही. प्रतिबंधाची सारी आशा या फरकात सामावलेली होती.

अर्थात, रक्ताचा प्रश्न त्यांनी न तपासताच निकालात काढला नाही. तरुण सहकारी डॉ. एल. डी. संघवी यांच्याबरोबर त्यांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही समाजगटांच्या सात आनुवंशिक लक्षणांचा अभ्यास केला. तो 1949 मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच शहरात, एकाच हवापाण्यात राहणारे, परंतु विवाहसंबंध, आहार आणि व्यसने वेगळी असलेले समाज शेजारी शेजारी नांदत असल्याने मुंबई ही त्यांच्या दृष्टीने निसर्गाने मांडून ठेवलेली प्रयोगशाळा होती.

या कामाचा कळस 1955 चा. संघवी, के. सी. एम. राव आणि खानोलकर या त्रयीचा निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलने छापला. विषय होता तंबाखू ओढणे व चघळणे आणि अन्नमार्गाच्या वरच्या भागाचा कर्करोग. पाचच वर्षांपूर्वी, 1950 मध्ये, डॉल आणि हिल यांनी याच नियतकालिकात सिगारेट व फुप्फुसाच्या कर्करोगाचा संबंध दाखवून खळबळ उडवली होती. परळच्या अभ्यासात कर्करोगाच्या रुग्णांच्या सवयींची इतरांच्या सवयींशी रीतसर तुलना होती. चघळणाऱ्यांना मुख्यतः तोंडात, तर विडी ओढणाऱ्यांना जिभेच्या मुळाशी आणि घशात धोका अधिक, दोन्ही करणाऱ्यांचे तर विचारूच नका, असे त्यातून पुढे आले. सिगारेट ही साहेबाची, विडी ही आपली, ती पानात गुंडाळलेली म्हणून निरुपद्रवी, या समजुतीला येथे शास्त्रीय छेद गेला.

विडीचा उल्लेख झाला, की पुन्हा चामोर्शीच्या परिसरात यावे लागते. 1955 साली हा मुलूख चांदा जिल्ह्यात आणि जुन्या मध्य प्रदेशात होता. स्वतंत्र गडचिरोली जिल्हा झाला तो 1982 मध्ये. ज्या पानात विडी वळली जाते, ते तेंदूचे पान या जंगलांतून जाते. उन्हाळ्यात पहाटे उठून पाने खुडायची, त्यांचे पुडे बांधायचे आणि फळीवर न्यायचे, हा येथील हजारो घरांचा हंगामी आधार. अलीकडे अनेक ग्रामसभा तेंदूची विक्री स्वतः करतात आणि तो पैसा गावाच्या हाती येतो. विडीने परळच्या खाटा भरतात आणि तेंदूने जंगलातील चुली पेटतात. तंबाखूविरोधी भाषणांत ही अडचण सहसा वगळली जाते, ती वगळू नये.

दरम्यान 1952 मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले आणि खानोलकर त्याचे संस्थापक संचालक झाले. हेच केंद्र पुढे कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट म्हणून ओळखले गेले. इमारती बांधणारे संचालक पुष्कळ असतात. खानोलकरांनी माणसे घडवली आणि त्यांत स्त्रिया होत्या, हे त्या काळाच्या मानाने विशेष. पुण्याच्या समर्थ घराण्यातून आलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी त्यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवली आणि पुढे देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. हॅमस्टर जातीच्या प्राण्यांच्या गालात पान-तंबाखूचे घटक वापरून कर्करोगाचा मागोवा घेणारे प्रयोग रणदिवे यांच्या चमूने सत्तरच्या दशकात केले. डॉ. सत्यवती सिरसाट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे दालन संभाळले.

सिरसाट आणि खानोलकर यांनी मिळून हाती घेतलेला एक विषय गडचिरोलीच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे. तोंडाच्या आतील मऊ अस्तराखाली तंतू साचत जातात, गाल चामड्यासारखा ताठ होतो, तिखट सोसवत नाही आणि हळूहळू जबडा उघडेनासा होतो. या विकाराचे वर्णन मुंबईच्या डॉ. जोशी यांनी 1953 मध्ये केले होते. 1957 पासून सिरसाट-खानोलकरांनी त्याची सूक्ष्म रचना तपासली. कारणाचा शोध घेताना त्यांचा संशय प्रथम मिरचीवर गेला. उंदरांच्या टाळूला मिरचीतील दाहक द्रव्य लावून त्यांनी 1960 मध्ये प्रयोग प्रसिद्ध केले. मग 1962 मध्ये सुपारीतील अरेकोलीन या द्रव्याचीही परीक्षा झाली. आज विज्ञानाने कौल दिला आहे तो सुपारीच्या बाजूने. केवळ सुपारीदेखील कर्करोगकारक आहे, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये जाहीर केले. मिरचीवरचा संशय फारसा टिकला नाही, यात खानोलकरांना कमीपणा नाही. आधी मिरची, मग सुपारी, अशी एकेक संशयित वस्तू टेबलावर आणून तपासण्याची त्यांची रीत होती. खर्ऱ्यात सुपारीही असते आणि तंबाखूही, त्यामुळे गाल आखडणे आणि गाठ होणे या दोन्हींची सोय एकाच पन्नीत होते. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातील अभ्यासकांनी मध्य भारतातील अशा 1000 रुग्णांचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध केला. खानोलकरांच्या 1944 च्या हजार रुग्णांनंतर त्रेसष्ट वर्षांनी आलेला हा आकडा वाचताना चुटपुट लागते.

खानोलकरांचा व्याप तंबाखूपुरता नव्हता. कुष्ठरोगाच्या आरंभीच्या खुणा ऊतींमध्ये आणि मज्जातंतूंमध्ये कशा दिसतात, यावरील त्यांचा अभ्यास मान्यता पावला. कुष्ठरुग्णांपासून त्यांच्या केंद्रात 1958 मध्ये वाढवलेल्या जंतूला केंद्राच्याच आद्याक्षरांवरून आयसीआरसी हे नाव पडले आणि पुढे त्याच्यापासून लसही तयार झाली. अणुकिरणांच्या परिणामांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीवर त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्षपद, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद, पद्मभूषण आणि 1963 पासून दहा वर्षे राष्ट्रीय संशोधन प्राध्यापकपद, असे मानसन्मान त्यांच्याकडे चालत आले. 29 ऑक्टोबर 1978 रोजी त्यांचे निधन झाले.

एवढे सिद्ध करून ठेवल्यावर पुढे काय झाले? खरे सांगायचे तर, फार काळ काहीच झाले नाही. 1955 च्या निबंधानंतर वीस वर्षांनी, 1975 मध्ये, केंद्र सरकारने कायदा केला आणि पाकिटावर वैधानिक इशारा आला. तो कायदा होता सिगारेटपुरता. विडी, खैनी, चुट्टा, म्हणजे खानोलकरांनी ज्यांच्यावर बोट ठेवले होते ते सारे भारतीय प्रकार त्याच्या कक्षेबाहेर राहिले. संशोधन देशी सवयींवर झाले आणि इशारा विलायती सवयीवर छापला गेला! सर्व तंबाखूजन्य पदार्थांना कवेत घेणारा कायदा यायला 2003 साल उजाडले आणि चित्ररूप इशारे दिसायला 2009. महाराष्ट्राने 2012 मध्ये गुटख्यावर बंदी घातली, नंतर सुगंधित तंबाखू व सुपारीही बंदीखाली आणली. पण खर्रा पानठेल्यावरच घोटला जातो आणि साध्या पन्नीत बांधून दिला जातो. त्याला कारखाना नाही, वेष्टन नाही, म्हणून इशारा छापायला जागाही नाही.

खानोलकरांच्या संशोधनाची मर्यादाही येथेच सांगायला हवी. त्यांनी रोगाचा पत्ता सांगितला, व्यसन सोडवण्याचे शास्त्र त्यांच्या हयातीत बाल्यावस्थेत होते. तंबाखूकडे डॉक्टरही सवय किंवा फार तर दुर्गुण म्हणून पाहत. निकोटीन मेंदूला बांधून घेते, चुन्यामुळे मिश्रण अल्कधर्मी होऊन ते गालाच्या अस्तरातून अधिक झपाट्याने रक्तात उतरते आणि ते तुटले की चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड सुरू होते, ही समज वैद्यकात हळूहळू रुजली. निकोटीनच्या च्युइंगगमला स्वित्झर्लंडमध्ये पहिली परवानगी मिळाली ती 1978 मध्ये, खानोलकर गेले त्याच वर्षी.

भारतात सोडवण्याच्या कामाची पायाभरणीही त्याच सुमारास होत होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता आणि डॉ. प्रकाश गुप्ता यांच्या गटाने आधी पुणे जिल्ह्यातील एक लाखाहून अधिक ग्रामस्थांची तोंडे तपासली होती. मग 1977 मध्ये त्यांनी केरळातील एर्नाकुलम, गुजरातेतील भावनगर आणि आंध्रातील श्रीकाकुलम येथे 36,000 तंबाखूसेवकांना हाताशी धरले. दरवर्षी तोंड तपासायचे, दिसलेला चट्टा त्याला स्वतःला दाखवायचा, सोडण्याविषयी समोरासमोर बोलायचे, चित्रपट आणि फलकांची जोड द्यायची. औषध काहीच नाही. तरीही अनेकांनी तंबाखू सोडला किंवा कमी केला आणि ज्यांनी सोडला त्यांच्यात कर्करोगपूर्व चट्टे कमी होत गेले. खानोलकरांच्या नियमाची ही उलट दिशेने घेतलेली परीक्षा होती. सवय गेली, तर रोगही मागे हटतो.

त्यानंतर 2002 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने देशात तंबाखूमुक्ती उपचार केंद्रे सुरू झाली. त्यांत टाटा मेमोरियलही होते. व्यसन सोडू इच्छिणाऱ्यांसाठी 2016 मध्ये राष्ट्रीय दूरध्वनी सेवा आली. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील 26.6 टक्के प्रौढ तंबाखू सेवन करत होते. त्यांत ओढणारे 3.8 टक्के आणि धूरविरहित तंबाखू घेणारे 24.4 टक्के. धूम्रपान सोडा, एवढे सांगून या राज्यातील तंबाखूचा प्रश्न सुटणार नाही, हे या दोन आकड्यांवरून उघड आहे. चघळणाऱ्याच्या व्यसनाचा धूर कोणाला दिसत नाही, त्याला घरात कोणी हटकत नाही, आणि उपचारांची बहुतेक साधने सिगारेट समोर ठेवून घडवलेली आहेत.

गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे. 2016 मध्ये राज्य शासन, टाटा ट्रस्ट्स आणि डॉ. अभय व राणी बंग यांची सर्च ही संस्था यांनी तेथे मुक्तिपथ हे अभियान सुरू केले आणि दारूच्या जोडीला तंबाखूलाही हात घातला. चामोर्शी हे त्यातील एक तालुक्याचे ठिकाण. गावागावांत सभा, शाळांतून प्रबोधन, खर्रा विक्रीविरुद्ध गावाचे ठराव आणि व्यसन सोडू पाहणाऱ्यांसाठी उपचार शिबिरे, असे त्याचे स्वरूप राहिले. ज्या टाटांच्या देणगीतून 1941 मध्ये खानोलकरांची प्रयोगशाळा उभी राहिली, त्याच घराण्याचा निधी अशा रीतीने पाऊण शतकाने या जंगलात पोचला.

नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियलचे जे संशोधन संकुल आहे, त्यातील एका इमारतीला खानोलकर शोधिका असे नाव दिलेले आहे. तेथे आता कर्करोगाच्या पेशीतील जनुके वाचली जातात. खर्रा खाणाऱ्याची पहिली तपासणी मात्र अजूनही त्याच्या स्वतःच्या हाताने होते. स्वतःची तीन बोटे जोडून, उभी धरून तोंडात घालायची. तिन्ही सहज गेली, तर जबडा मोकळा आहे. दोनच जात असतील, तर दवाखान्याची वाट धरायची, आणि गालातली चिमूट निघण्यापूर्वीच थुंकून टाकायची.